दोन लोखंडांमधलं रबर

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही, आणि त्यात तुमचा काही दोष नाही. ज्या गाडीत मी नऊ वर्षं काढली, तिच्या मालकानेही मला तीनचारदाच पाहिलं असेल, आणि त्यातल्या दोनदा त्याचा पाना हातातून निसटून माझ्यामागे अडकला होता म्हणून. मी डिझेल गाडीच्या इंजिनाची एक जुनी पुली आहे. हल्ली सालवडला, खंडेराव टर्नर यांच्या घरात खिडकीच्या कठड्यावर असते. इथे मला कसलंच काम नाही. म्हणून आठवणी सांगत बसते.

आधी माझं काम सांगते, नाहीतर तुम्हाला माझं दुःख कळायचं नाही. इंजिनाच्या पोटात एक जाड, वाकडातिकडा दांडा असतो. त्याला क्रँकशाफ्ट म्हणतात. डिझेलचा प्रत्येक स्फोट त्या दांड्याला एक दणका देतो, आणि असे दणके मिनिटाला हजारोंनी बसतात. त्याने दांडा फिरतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. फिरता फिरता तो केसभर पिळतोही, ओला कपडा पिळावा तसा, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. त्या दांड्याच्या पुढच्या टोकावर मी बसत असे. माझ्यावरून फॅनबेल्ट जायचा आणि त्याने पाण्याचा पंप फिरायचा. हे माझं दिसणारं काम.

न दिसणारं काम वेगळंच होतं. मी एका अंगाची नाही. माझ्या आत लोखंडाचा गाभा आहे, बाहेर लोखंडाचं कडं आहे आणि दोघांच्या मध्ये बोटभर जाडीचं रबर आहे. दांड्याला थरकाप सुटला की ते रबर तो गिळून टाकतं. कोणाला काही कळत नाही. कळत नाही म्हणूनच ते काम नीट चाललेलं असतं.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. तपासनिसाने मला दोनदा उलटंपालटं केलं आणि माझ्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला. माझं आयुष्यात झालेलं तेवढंच कौतुक. पुढे दर दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार चढायचा, पण तो रेडिएटरच्या जाळीपर्यंतच. मला वास यायचा.

गाडी आधी तारापूरच्या कॉलनीतल्या एका साहेबांची होती. ते ती रविवारी धुवायचे आणि बाकीचे दिवस झाकून ठेवायचे. चौऱ्याऐंशी साली ती भगवंतने घेतली आणि मला खरं काम कशाला म्हणतात ते समजलं. भगवंत मूळचा बीडकडचा. आपल्याच गावच्या खंडेरावांचं बोट धरून तो बोईसरला आला आणि एका कारखान्यात फिटर झाला. तो कारखाना बंद पडल्यावर त्याने गाडी धरली. बोईसर स्टेशन ते तारापूर, तारापूर ते नवापूर. गाडी पाच जणांची होती. तीत नऊ बसायचे, आणि नवापूरच्या बायका असल्या की नऊ जणांच्या मांडीवर म्हावऱ्याच्या, म्हणजे मासळीच्या, चार पाट्या. मी कधी तक्रार केली नाही. केली असती तरी त्या गलक्यात ऐकू गेली नसती.

खंडेराव मात्र कारखान्यातच राहिले. ते टर्नर होते, म्हणजे लेथवर लोखंड कातून त्याच्या वस्तू करणारे. लोखंडापुढे ते देवालाही जरा मवाळ समजत. शिफ्ट संपल्यावर उरल्यासुरल्या तुकड्यांतून ते कोणाला खाटेचे पाय, कोणाला पाट्याचा वरवंटा तर कोणाला देवाची घंटा करून देत. सालवडमध्ये खंडेरावांच्या हातची वस्तू नाही असं घर नव्हतं, आणि ती वस्तू कोणी परत केली असंही कधी घडलं नव्हतं. पाय आखूड निघाला तर लोक खाटेखाली वीट लावत, पण खंडेरावांना सांगत नसत. सालवडची ती रीतच होती. त्यांच्या पत्नी सोजराबाई म्हणायच्या, “ह्या घरातलं समदं ह्यांच्या लेथवरचं. मी तेवढी बाहेरून आणलेली.”

सोजराबाईंचा डावा डोळा काचबिंदूने गेला होता. उजवाही त्याच वाटेवर होता, आणि तो वाचवायचा म्हणून सगळी धडपड चालली होती. वाघोबा खिंडीपलीकडे, मनोरच्या पुढे एक धर्मादाय दवाखाना होता. तिथे महिन्यातून एका बुधवारी मुंबईचे डोळ्यांचे डॉक्टर येत. भगवंत दर महिन्याला त्या बुधवारी बाकीची भाडी सोडून वैनींना घेऊन जायचा. डॉक्टर डोळ्यातला दाब मोजत, थेंब देत आणि सांगत की बुधवार चुकवू नका.

आता माझ्या आजाराबद्दल. माझ्यामागे तेल अडवणारं एक छोटं सील असतं. ते झिजलं आणि तेल माझ्यावर ठिबकू लागलं. नवापूरचा देवू, जो होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा आणि फावल्या वेळात भगवंतची गाडीही बघायचा, त्याने सांगितलं की हे सील बदल, तासाभराचं काम आहे. भगवंत म्हणाला, बघू. मित्रांनो, त्या ‘बघू’मध्ये दोन वर्षं गेली. रबराला तेल चालत नाही. ते फुगतं, मऊ पडतं आणि लोखंडाचा हात सोडतं.

अठ्ठ्याऐंशीच्या फेब्रुवारीत, एका शुक्रवारी, नवापूरच्या रस्त्यावर माझं बाहेरचं कडं सरकलं. फॅनबेल्ट उडाला, पाणी उकळलं, बॉनेटमधून वाफ आली. बायका आपापल्या पाट्या घेऊन उतरल्या आणि त्यातली नवसी नावाची म्हातारी म्हणाली, “काय रे ड्रायवर, आमचं म्हावरं इथंच शिजवतोस काय?”

देवूने मला बाहेर काढलं आणि अंगठ्याने माझं कडं फिरवलं. ते फिरलं. फिरायला नको होतं.

“दुसरी आण,” देवू म्हणाला, “पण रबरवालीच आण. ते रबर उगाच नाय घातलेलं.”

पुढच्या बुधवारी दवाखाना होता. हातात चार दिवस होते. भगवंतने मला फडक्यात गुंडाळलं आणि बोईसरला नेलं. सुट्या भागांच्या दुकानदाराने माझ्याकडे पाहिलंच नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. अशी पुली मुंबईहून यायला दहा दिवस लागतील म्हणाला. मग त्याने दोन खाचांची एक पुली पुढे केली. तिचं भोक मोठं होतं. बेल्ट एकच आहे, दुसऱ्या खाचेचं काय करू, असं भगवंतने विचारलं. राहू दे रिकामी, ती काय खायला मागते, असं उत्तर मिळालं.

तिथून आम्ही भंगारवाल्या रामकिसनकडे गेलो. त्याने ढिगात हात घालून एका पेट्रोल गाडीची पुली काढली. ती माझ्यापेक्षा बोटभर लहान होती. भगवंत फिटर होता, त्याला कळत होतं की लहान पुलीवर बेल्ट हळू चालेल, पंप हळू फिरेल आणि चढणीला पाणी पुन्हा उकळेल. त्याने तसं सांगितलं. रामकिसन शांतपणे म्हणाला, “गोल है ना, भाई? फिर?” गोल तर मीही होते.

शेवटी भगवंत खंडेरावांच्या घरी गेला. या बुधवारी एसटीने जावं लागेल, दोनदा बदलावी लागेल, एवढंच सांगायला. मी जमिनीवर फडक्यात होते. खंडेरावांनी मला उचललं, खिशातून व्हर्नियर काढला आणि माझी मापं घ्यायला सुरुवात केली. मित्रांनो, इतक्या प्रेमाने मला कोणी कधी मोजलं नव्हतं. बाहेरचा व्यास, आतलं भोक, चावीची खाच, बेल्टच्या खाचेचा उतार, टायमिंगची खूणसुद्धा. केसाचाही फरक त्यांनी सोडला नाही. फक्त मऊपणा मोजायची सोय त्या व्हर्नियरमध्ये नव्हती.

भगवंतने चाचरत देवूचं बोलणं सांगून पाहिलं. खंडेराव हसले.

“रबर कशापायी घालत्यात, म्हाईत हाय का? कंपनीनं लोखंड वाचवलंय. मी तुला अख्खी करून देतो. तुझी गाडी मोडंल, पुली न्हाई मोडायची.”

तेवढं त्यांचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं.

सोमवारी संध्याकाळी ते दोन शिफ्टा करून आले. कापसाच्या चिंध्यांत गुंडाळलेली नवी पुली त्यांनी भगवंतच्या हातात ठेवली. एका अंगाची, भरीव, चांदीसारखी चकचकीत, वजनाला माझ्या दीडपट. सगळी मापं माझी होती. मी तिच्याकडे पाहिलं आणि मला लाज वाटली, इतकी ती देखणी होती. त्याच दुपारी देवूचा निरोप आला होता. सातपाटीला त्याच्या मेव्हण्याकडे अपघातात गेलेली अशीच एक गाडी पडून होती, तिची रबराची पुली धडधाकट होती आणि तो ती मंगळवारी आणणार होता. हा निरोप भगवंतच्या ओठांपर्यंत आला. समोर खंडेराव उभे होते. सोळा तास उभे राहून त्यांचे पाय सुजले होते, आणि ही पुली त्यांच्याच बायकोच्या डोळ्यासाठी होती. भगवंतने निरोप गिळला आणि पुली बसवली.

मंगळवारी देवू सायकलवरून योग्य पुली घेऊन आला. त्याने बॉनेट उघडलं, बघितलं आणि म्हणाला की अर्ध्या तासात बदलतो. भगवंत म्हणाला, बुधवारी जाऊन येऊ दे, मग काढू. देवूने ती पुली परत नेली आणि आपल्या शेडमधल्या खिळ्याला अडकवली. मला भगवंतने डिकीत टाकलं, जॅकशेजारी. ड्रायव्हर लोक जुनी वस्तू फेकत नाहीत आणि वापरतही नाहीत.

तो बुधवार छान गेला. गाडी तापली नाही. परतल्यावर खंडेरावांनी बॉनेटवर थाप मारली आणि चार शेजाऱ्यांना बोलावून पुली दाखवली. तेव्हापासून दर रविवारी ते भगवंतकडे यायचे, बॉनेट उघडायचे आणि आपली पुली फडक्याने पुसायचे. म्हणजे गुपचूप बदलायचीही सोय राहिली नाही.

आणि गाडीला थरथर लागली. तशी सगळीकडे नाही, पण काटा साठच्या जवळ आला की गिअरचा दांडा बोटांत गुणगुणायचा आणि आरशातला रस्ता धूसर व्हायचा. भगवंतने त्यावर उपाय शोधला. तो पंचावन्नने चालवायचा, नाहीतर एकदम पासष्टने. एखाद्या घरात एक विषय सगळे मिळून टाळतात, तसा तो साठचा वेग टाळू लागला.

मे महिन्यात देवूने त्याला शेडमध्ये बसवून समजावलं. दांडा आतून थकतो आहे, म्हणाला. होडीचं इंजिन असं थरथरलं तर आम्ही किनारा सोडत नाही.

“दादांना काय सांगू?” भगवंतने विचारलं.

“हाय ते सांग.”

“त्यांना वाईट वाटंल रं.”

त्यानंतर तो एकदा सांगायला म्हणून खरंच गेला. खंडेराव तेव्हा गावाकडून आलेल्या पाहुण्याला पुलीचीच गोष्ट सांगत होते. भगवंतने दोन कप चहा घेतला आणि परत आला. मी डिकीत होते. गाडीचं दार ज्या आवाजात लागलं, त्यावरूनच मला समजलं.

सप्टेंबरात डॉक्टरांनी सांगितलं की थेंबांनी आता भागत नाही, डोळ्यातला दाब वाढतोय, ऑपरेशन करावं लागेल. ऑक्टोबरचा बुधवार ठरला. सकाळी नऊच्या आत या, दुपारी मला निघायचं आहे आणि पुढचे दोन महिने माझं येणं नाही. तुमचा डोळा एवढा थांबणार नाही. त्यांनी हे दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा खंडेरावांकडे बघून सांगितलं.

त्या बुधवारी आम्ही सहाला निघालो. खंडेराव पुढे बसले, सोजराबाई मागे. त्यांच्या मांडीवर कपड्यांचं गाठोडं होतं. वाटेत त्या उजव्या डोळ्याने काय काय दिसतंय ते सांगत होत्या. उमरोळीचं फाटक, पालघरची दुकानं, कोणाच्या तरी अंगणात वाळत घातलेली पिवळी चादर. कोणी विचारलं नव्हतं.

वाघोबाच्या चढणीला गाड्या देवळापाशी थांबतात, नमस्कार करतात आणि मग पुढे जातात. आम्हीही थांबलो. नारळ फुटला. मग भर चढणीवर उभी गाडी निघावी म्हणून भगवंतने जोर दिला. इंजिन कण्हलं, थरथरलं आणि आतून ‘टाक’ असा एक आवाज आला. मोठा नव्हता, सुपारी फुटावी एवढाच. पण मी तो डिकीतून ओळखला. नऊ वर्षं तोच आवाज मी होऊ दिला नव्हता.

गाडी मागे घसरली, भगवंतने ब्रेक मारला आणि खंडेरावांनी उतरून चाकामागे दगड लावला. इंजिन पुन्हा फिरलं नाही. बॉनेट उघडलं तेव्हा त्यांची पुली जागच्या जागी होती, चकचकीत, ओरखडाही नव्हता. एसटी भरून आली आणि थांबली नाही. तीन तासांनी गवताचा एक ट्रक थांबला. सोजराबाईंना वर चढवताना त्यांचं गाठोडं सुटलं आणि कपडे रस्त्यावर पडले. ते गोळा करायला भगवंत मागे राहिला.

ती दोघं दवाखान्यात पोचली तेव्हा साडेअकरा वाजले होते. डॉक्टरांचं काम आटोपलं होतं आणि पुढच्या गावचे पेशंट वाट पाहत होते. त्यांनी तरीही तपासलं, चिठ्ठी लिहिली, उद्याच मुंबईला न्या म्हणून सांगितलं. नेलं. तिथे नंबर लागेपर्यंत तीन आठवडे गेले. ऑपरेशन झालं, पण गेलेली नजर परत आली नाही. आता सोजराबाईंना खिडकी दिसते. खिडकीत उभं असलेलं माणूस दिसत नाही.

त्या तीन आठवड्यांत गाडी देवूच्या शेडमध्ये ओढून आणलेली होती. सोजराबाई मुंबईहून घरी आल्यावर देवूने इंजिन उघडलं, आणि त्या रविवारी खंडेराव आले. दांडा दोन तुकड्यांत जमिनीवर पडला होता. भगवंत घाईने म्हणाला, “शाफ्ट जुनाच हुता, दादा.”

खंडेराव उकिडवे बसले आणि मोडलेलं टोक उजेडात धरलं. मित्रांनो, लोखंड वाचता येणारी माणसं असतात. मोडीचा अर्धा भाग ताजा होता, खडीसाखरेसारखा दाणेदार. उरलेला अर्धा भाग काळपट आणि गुळगुळीत होता, त्यावर एकाबाहेर एक अशा बारीक रेघा होत्या, ओहोटीच्या वेळी वाळूवर राहतात तशा. म्हणजे दांडा त्या सकाळी मोडला नव्हता. तो कित्येक महिने, रोज थोडा थोडा मोडत होता. खंडेरावांनी त्या रेघांवरून नख फिरवलं. मग मान वर केली, तर समोर खिळ्याला रबराची पुली.

“ही कवाची?”

भगवंत खाली बघत होता. देवू म्हणाला, “फेब्रुवारीची.”

खंडेराव उठले, डिकी उघडून मला बाहेर काढलं आणि पिशवीत न घालता, हातात धरून नवापूर ते सालवड आणलं. एसटीत लोक बघत होते.

घरी सोजराबाई खिडकीपाशी बसल्या होत्या. खंडेरावांनी मला त्यांच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं. रबर कशाला असतं ते सांगितलं, रेघांचं सांगितलं. लेथवर काम करणाऱ्या माणसाचा आवाज मोठा असतो. त्या दिवशी नव्हता. सोजराबाईंची बोटं माझ्या रबरावरून फिरत होती.

“भावजींना कवा कळलं हुतं?” त्यांनी विचारलं.

“पहिल्याच दिवशी.”

“मग बोलले का न्हाईत?”

“मला वाईट वाटंल म्हणून.”

सोजराबाईंनी मला खिडकीच्या कठड्यावर ठेवलं.

“म्हंजी तुमाला वाईट वाटू नये, म्हणून माझा डोळा गेला.”

दाराबाहेर चप्पल वाजली. भगवंत पुढच्या एसटीने मागोमाग आला होता आणि उंबऱ्याबाहेर उभा होता. सोजराबाईंनी आवाजाच्या दिशेने मान वळवली.

“भावजी, आत या. आन् जे सांगायचं हुतं ते आता ह्यांना सांगा. माझ्यासमूर सांगा. मला दिसत न्हाई, तवा लाजायचं कारण न्हाई.”

भगवंत आत आला. त्याला ते एक वाक्य बोलायला आठ महिने लागले होते, अजून थोडा वेळ लागला.

“दादा, तुमची पुली चुकली हुती.”

“व्हय,” खंडेराव म्हणाले. “चुकली.”

एवढंच. कोणी ओरडलं नाही, छप्पर पडलं नाही. खंडेराव आठ-दहा दिवस घराबाहेर निघाले नाहीत, कोणाशी बोलले नाहीत, नीट जेवलेही नाहीत. मग एका सकाळी ते देवूच्या शेडमध्ये गेले आणि दुसरा दांडा बसेपर्यंत त्याच्या हाताखाली पाने देत उभे राहिले. खिळ्यावरची पुली त्यांनी स्वतः उतरवून दिली. गाडी आता साठनेही धावते म्हणे.

मित्रांनो, गाडीची एखादी वस्तू बदलायची झाली तर तिची मापं जरूर घ्या, पण ती तशी का केली आहे तेही विचारा. जी दणकट दिसते तीच बरी, असं समजू नका. तेलाचं एक टिचभर सील गळत असेल तर ‘बघू’ म्हणू नका. आणि तुमच्यावर जीव असलेल्या माणसाने सोळा तास उभं राहून तुमच्यासाठी चुकीची वस्तू केली, तर ती हातात घ्या, त्याला पाणी द्या आणि त्याच दिवशी सांगा. त्याला वाईट वाटेल. वाटू द्या. वाईट वाटलेलं माणूस दहा दिवसांत बरं होतं, हे मी या खिडकीतून पाहिलं आहे. सोजराबाईही माझ्याशेजारीच बसलेल्या असतात.